एकाला कांजिण्या, अख्खं घर कसं सांभाळायचं?

शहापूरची सून
रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी माझ्या मुलाच्या पाठीवर दोन-तीन लाल ठिपके दिसले. आज सकाळी बघते तर पोटावर, मानेवर, केसांतसुद्धा पाण्याचे फोड. गल्लीतल्या डॉक्टरांनी बघताच कांजिण्या म्हणून सांगितलं. मुलगा आठ वर्षांचा आहे. ताप आहे, खाज आहे, पण तसा हिंडता-फिरता आहे. त्याची मला एवढी काळजी नाही, बाकीच्यांची आहे.

घर बेळगावच्या शहापुरातलं जुनं, लांबच्या लांब. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परसात न्हाणी आणि संडास. माडीवर एकच खोली. माणसं नऊ. मामंजी मधुमेही, इन्सुलिनवर आहेत. धाकट्या जावेला सातवा महिना लागलाय, तिची मोठी मुलगी तीन वर्षांची. थोरल्या दिरांचा मुलगा यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, परीक्षा तोंडावर आलीय.

सासूबाई म्हणतात, जावेला आणि छोटीला उद्याच्या उद्या गडहिंग्लजला माहेरी पाठवूया. तिकडे जावेच्या भावाचं चार महिन्यांचं बाळ आहे. दीर गाडी सांगायला निघालेत. मला हे बरोबर वाटत नाही, पण का ते घरात नीट सांगता येईना. कुणाच्या घरी असं झालं असेल, किंवा दवाखान्यात काम करणारं कुणी असेल तर कृपा करून आज रात्रीच सांगा.

---

कंग्राळीकर
रविवार, रात्री १०.०५

आमच्यात लहानपणी एकाला आल्या की आई सगळ्या भावंडांना त्याच्याजवळच निजवायची. एकदाच होऊन जाऊ देत म्हणायची. पण पोटुशी बाई घरात असताना तसं चालणार नाही. सिस्टर येतील, त्या सांगतील.

---

अनगोळची सिस्टर
रविवार, रात्री १०.२०

ताई, आधी गाडी थांबवा. मग बाकीचं सावकाश वाचा.

मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. कांजिण्यांचा विषाणू फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीच पसरायला लागतो. म्हणजे परवा-काल तुम्ही सगळे एका पंगतीला जेवलात, पोरं एका अंथरुणात लोळली, लागण व्हायची ती तेव्हाच होऊन गेली. ज्यांना पूर्वी झाल्या नाहीत आणि ज्यांनी लसही घेतलेली नाही, अशा घरच्या दहा माणसांतल्या नऊ जणांना लागू शकतात, इतका हा आजार घरात पसरतो. लागण झाल्यावर फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, बहुतेकांना दोन आठवड्यांच्या आसपास. तोवर माणूस ठणठणीत दिसतं.

आता जाऊबाई आणि छोटी गडहिंग्लजला गेल्या तर आजार मागे राहणार नाही, त्यांच्यासोबत जाईल. दोन-तीन आठवड्यांनी छोटीच्या अंगावर फोड उठतील तेव्हा ती त्या चार महिन्यांच्या बाळाशी खेळत असेल. एका घरातला आजार दोन घरांत होईल, आणि दुसऱ्या घरात सगळ्यांत नाजूक जीव आहे. आजोळी धाडायची रीत आपल्याकडे मायेपोटी आहे, पण कांजिण्या आणि गोवराच्या बाबतीत ती उलटते. घरातल्या मोठ्यांना "पाठवू नका" म्हणून सांगू नका. "तिकडच्या बाळाला लागेल" असं सांगा. ते पटतं.

उद्या सकाळी पहिल्यांदा जावेचं बघा. तिच्या आईला फोन करून विचारा, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का. नक्की आठवत असेल तर अर्धी चिंता मिटली. आठवत नसेल तर रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीची, तपासणी असते. त्यात संरक्षण नाही असं निघालं तर गरोदर बाईला एक खास इंजेक्शन देता येतं. त्यात तयार प्रतिपिंडं असतात. संपर्क आल्यापासून १० दिवसांच्या आत ते द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. म्हणून उद्याचा दिवस दवडू नका. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत, कुणी कितीही सुचवलं तरी.

एक सूचना मनापासून करते. प्रसूतीच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी फोन करा आणि "घरात कांजिण्या आहेत" म्हणून स्पष्ट सांगा. बाहेरच्या बाकावर दहा पोटुश्या बायका बसलेल्या असतात. आधी कळवलं तर डॉक्टर वेगळी वेळ देतात किंवा मागच्या दाराने आत घेतात.

छोटी आणि पुतण्या या दोघांना लस देता येते. संपर्कानंतर तीन दिवसांत दिली तर सगळ्यांत चांगलं, पाच दिवसांपर्यंतही उपयोग होतो. काही वेळा आजार टळतो, नाही टळला तरी फोड थोडे येतात. ही लस सरकारच्या मोफत यादीत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते. छोटीचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, घेऊन जा, पण त्यावर कांजिण्यांची नोंद शोधत बसू नका. खासगीत घेतली असेल तर ती डॉक्टरांच्या फाइलीत असेल.

मामंजींना विचारा. जुन्या माणसांना बहुतेक होऊन गेलेल्या असतात. पण त्यांना आठवत नसेल, तर मधुमेह आहे म्हणून त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर आजच घाला. मोठ्या माणसांत हा आजार लहानांपेक्षा जड जातो, छातीत उतरू शकतो. घरात कुणी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, मूत्रपिंड बदललं असेल, तर त्यांचा नंबर जावेच्याही आधी.

---

शहापूरची सून
रविवार, रात्री १०.५०

सिस्टर, गाडी रद्द केली. तुमचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. बाळाचं नाव निघताच सासूबाई गप्प झाल्या आणि "मग नको" म्हणाल्या. आता माडी कुणाला द्यायची? मुलाला वर ठेवू की जावेला?

---

अनगोळची सिस्टर
रविवार, रात्री ११.१०

मुलाला वर ठेवा. जावेला सातव्या महिन्यात रात्री-अपरात्री जिना उतरून परसात जायला लावू नका.

माडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. त्याच्याजवळ एकच माणूस असू दे, ज्याला कांजिण्या होऊन गेल्यात असं माणूस. तुम्हाला झाल्या असतील तर तुम्हीच. जिला झालेल्या नाहीत ती कितीही मायेची असली तरी तिने जेवणाचं ताट जिन्याच्या तोंडाशी ठेवून यावं. फोडातलं पाणी आणि श्वास, दोन्हींतून पसरतो, म्हणून त्याचा टॉवेल, पांघरूण, उशी वेगळी. भांडी साबणाने घासली की पुरे, वेगळं ताट-तांब्या काढायची गरज नाही.

सगळ्या फोडांवर खपली धरली की त्याच्यापासून इतरांना होत नाही. साधारण पाच ते सात दिवस जातात. खपल्या पडून जाईपर्यंत कोंडून ठेवायला नको. खपलीतून आजार लागत नाही.

नखं कापा, रोज अंघोळ घाला, अंग टिपून कोरडं करा. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनावर सांगितलं तेवढंच. अॅस्पिरिन मुलांना अजिबात नको, कांजिण्यांत त्याने मेंदूवर आणि यकृतावर भयंकर परिणाम होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात डोकेदुखीच्या गोळ्यांचा डबा असतो, त्यातली गोळी वाचल्याशिवाय देऊ नका.

आणि ही लक्षणं दिसली तर घरी थांबू नका: धाप लागणं, ताप उतरून पुन्हा चढणं, फोडाच्या भोवती कातडी लाल-गरम होऊन दुखणं, सतत उलट्या, गुंगी, मान ताठ होणं, चालताना झोक जाणं. रात्र असली तरी सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा.

---

वडगावची मावशी
सोमवार, सकाळी ७.३०

सगळं वाचलं. सिस्टर, तुमच्या ज्ञानाचा मान ठेवून लिहिते. आमच्या वडगावात अजून याला देवी आली म्हणतात. उंबऱ्याला कडुलिंब लावतात, पोराच्या अंथरुणावर पाला घालतात, घरात फोडणी देत नाहीत, पाहुणा येत नाही, घरचं माणूस कुणाकडे जात नाही. पोर बरं झालं की दहीभाताचा नैवेद्य. माझ्या आईनं सहा पोरं अशीच काढली. आता हे सगळं अडाणीपणाचं म्हणून टाकून द्यायचं काय? माझ्या सुना म्हणूलेत, मावशी हे बंद करा. मला वाईट वाटतं.

---

अनगोळची सिस्टर
सोमवार, दुपारी २.४०

मावशी, टाकून देऊ नका. दाराला कडुलिंब लावलेलं दिसलं की शेजारीण पोराला घेऊन आत येत नाही, गल्लीतली पोरं खेळायला येत नाहीत. हेच तर आम्ही वॉर्डात सांगतो. पाहुणा नको, बाहेर जाणं नको, हलकं जेवण, शांत खोली. हे सगळं ठेवा. नैवेद्य जरूर करा.

फक्त दोन गोष्टींवर माझ्यासाठी विचार करा. पहिली, अंघोळ बंद ठेवतात ती. घाम आणि खाजेने फोड चिघळतात, मग खड्डे राहतात. कोमट पाण्याने अंघोळ घातलेली चालते, पाण्यात पाला टाकलात तरी हरकत नाही, फक्त पाला वाटून उघड्या फोडांवर लावू नका. दुसरी, देवी आहे म्हणून औषध नको, हे. बहुतेक पोरं आपोआप बरी होतात हे खरं. पण ज्या एकाला न्यूमोनिया होतो, त्याचे आईवडील देवीचा कोप होईल म्हणून थांबतात आणि पोर आमच्याकडे फार उशिरा येतं. दवाखान्यात नेल्याने नेमधर्म मोडत नाही. घरात एवढं जरी ठरलं तरी सुनांचं आणि तुमचं जमेल.

---

टिळकवाडीकर
सोमवार, संध्याकाळी ६.१५

मावशी आणि सिस्टर दोघींनाही नमस्कार. खरी देवी, म्हणजे जिने माणसं मरायची आणि तोंडावर व्रण राहायचे, ती वेगळी. १९७५ नंतर भारतात तिचा रुग्ण नाही, १९८० मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. आपल्या टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान, जिथे आपण सकाळी फिरायला जातो, तिथे एके काळी देवीची लस बनायची. आपल्या गावाने या कामात हात लावलाय, याचा मला अभिमान वाटतो. नव्या पिढीला तिथल्या झाडांखालून जाताना हे सांगायला हवं.

---

पोरांचा डॉक्टर
सोमवार, रात्री ९.००

सिस्टरनी सगळं अचूक लिहिलंय. मी फक्त एक गैरसमज दूर करतो, कारण दर हंगामात तो ऐकतो. "आमच्या मुलाला शाळेत लस दिलीय, मग कसं झालं?" फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना शाळांतून जी लस दिली, ती गोवर आणि रुबेलाची. ताईंच्या एसएसएलसीच्या पुतण्यालाही बहुधा तेव्हा मिळाली असेल. कांजिण्यांचा तिच्याशी संबंध नाही.

गोवर आणि कांजिण्या दिसायलाही वेगळ्या. गोवरात आधी चार दिवस जोराचा ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लाल, मग कानामागून खाली उतरणारं लाल पुरळ, त्यात पाणी नसतं. गोवराचा विषाणू रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत तो पसरतो. घरात गोवर निघाला तर ज्यांची लस राहिलीय त्यांना ७२ तासांत लस द्या, आणि आशा ताईंना कळवा. गोवराची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. कार्डावरच्या नोंदी कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसतील तर न लाजता आशा ताईंकडून वाचून घ्या, त्या आनंदाने सांगतात.

पुतण्याबद्दल: परीक्षेच्या काळजीने घाबरवू नका. लस द्या. तरीही फोड आलेच तर त्या स्थितीत वर्गात बसवू नका, शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी भेटा. एसएसएलसी आता वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते, वर्ष वाया जात नाही. मुलाला ही गोष्ट आजच सांगून ठेवा म्हणजे तो ठिपके लपवणार नाही. ही मुलं लपवतात.

---

शहापूरची सून
मंगळवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. जावेच्या आईला आठवत नव्हतं. डॉक्टरांना आधी फोन केला, त्यांनी दुपारी सगळे पेशंट गेल्यावर बोलावलं. रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला, तिला संरक्षण आहे. घरात दिवाळीसारखं वाटलं. मामंजींना लहानपणी झाल्या होत्या, त्यांच्या कपाळावर अजून एक खड्डा आहे, तो त्यांनी आज सगळ्यांना दाखवला. छोटीला आणि पुतण्याला लस दिली. सासूबाईंनी दारात कडुलिंब लावलाय आणि मुलाला स्वतः कोमट पाण्याने अंघोळ घातली. मावशी, तुमचं वाचून त्यांना फार बरं वाटलं.

---

निपाणीकर
मंगळवार, रात्री १०.१०

विषय जरा बाजूला नेतो, पण घरातल्या लागणीचाच आहे. माझ्या थोरल्या भावाला टीबी निघालाय. दोन महिने खोकला होता, विडीमुळे असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आता गोळ्या सुरू होऊन महिना झाला. घरातल्यांनी त्याची खाट गोठ्याला लागून असलेल्या छपरात टाकलीय. ताट वेगळं, तांब्या वेगळा, ताट घासायचं त्यानेच. वहिनी रात्री त्याच्यासाठी रडते. मुलगी चार वर्षांची आहे, तिला बापाजवळ जाऊ देत नाहीत. डॉक्टर, सिस्टर, हे असंच करायचं असतं काय? करायचं असेल तर करूया. नसेल तर मला घरात ठामपणे सांगायला आधार पाहिजे.

---

अनगोळची सिस्टर
मंगळवार, रात्री १०.४५

दादा, भावाला छपरातून घरात आणा. ताट-तांब्या वेगळा ठेवायची काहीच गरज नाही. टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, जेवण वाढण्यातून, हातात हात दिल्याने पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेलं माणूस खोकतं, बोलतं, तेव्हा हवेतून पसरतो. बंद, अंधाऱ्या खोलीत फार दिवस सोबत राहिल्याने लागतो. आणि खरा धोका होता तो त्या दोन महिन्यांच्या खोकल्यात, जेव्हा निदानच नव्हतं. नेमाने औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत पसरण्याची शक्यता खूप कमी होते. त्याला महिना झालाय. थुंकी पुन्हा कधी तपासायची ते विचारा, एक गोळी चुकवू नका.

त्याला हवेशीर जागी, खिडकीजवळ निजवा. खोकताना तोंडावर रुमाल, थुंकायला झाकणाचा डबा. एवढं पुरे.

तुमच्या घरचं खरं राहिलेलं काम वेगळंच आहे. घरातल्या प्रत्येकाची तपासणी झाली का? विशेष त्या चार वर्षांच्या मुलीची. पाच वर्षांखालच्या मुलांत टीबी मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तिला आजार नाही हे तपासून झालं की प्रतिबंधाचं औषध देतात, घरच्या मोठ्यांनाही देतात. सहा महिने रोज एक औषध, किंवा काही जणांना आठवड्यातून एकदा असं बारा आठवडे. सगळं सरकारी दवाखान्यात मोफत. मुलीला बापापासून तोडून तिचं रक्षण होत नाही, या औषधाने होतं.

आणि निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकार देतं ते, पैसे त्याच्या खात्यात येतात का बघा. आधी महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० आहेत. अंडी, डाळ, शेंगदाणे त्यातून येऊ द्या.

---

निपाणीकर
बुधवार, सकाळी ६.५०

वाचून दाखवलं. वहिनीने पहाटेच खाट सोप्यात आणली. एक विचारायचं राहिलं. भाऊ हंगामात इचलकरंजीला मागावर जातो. मधेच गेला तर गोळ्या?

---

पोरांचा डॉक्टर
बुधवार, दुपारी १.२०

जायच्या आधी आपल्या केंद्रात सांगायचं. टीबीच्या सरकारी नोंदीचा, म्हणजे निक्षयचा, रुग्णाचा क्रमांक देशभर एकच असतो, कर्नाटकातली नोंद महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्राकडे वर्ग करता येते. सीमा ओलांडली म्हणून उपचार तुटत नाही. न सांगता गेलं तरच तुटतो, आणि अर्धवट गोळ्यांनी औषधाला न जुमानणारा टीबी होतो. तो बरा करणं फार अवघड आणि घराला फार धोक्याचं. शक्य असेल तर हा हंगाम घरीच काढा म्हणावं.

---

मलप्रभाकाठ
बुधवार, संध्याकाळी ७.००

खानापूर तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी घरं आडवी होतात, एकामागून एक. आधी आजी, मग पोरं, मग सेवा करणारी बाई. आमच्या आरोग्य केंद्रात सांगितलेलं इथे टाकतो, उपयोग होईल.

घरात एकाला जुलाब लागले की दुसऱ्या दिवसाची वाट न बघता पाण्याची भांडी वेगळी करा. घागरीत हात किंवा तांब्या बुडवायचा नाही, लांब दांड्याचं वगराळं वापरायचं. पिण्याचं पाणी उकळून. ज्या बाईला स्वतःला जुलाब आहेत तिने स्वयंपाक करायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी भाकरी थापा. ही गोष्ट आपल्या घरांत सगळ्यांत अवघड, पण तिच्याच हातून घर आजारी पडतं. साबण संडासाच्या दाराशी पाहिजे, न्हाणीत आत नको. आणि अशा आजारात हाताला चोळायच्या सॅनिटायझरवर विसंबू नका, उलटीच्या काही विषाणूंवर तो नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी.

उलटी-जुलाब सांडला तर एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून त्या जागी ओतायची, दहा मिनिटांनी पुसायची. ब्लीचिंगमध्ये संडासाचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. दारं-खिडक्या उघडूनच करा. आडाच्या पाण्यासाठी माप वेगळं, हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि तासभर थांबून मग उपसायचं. ते ग्रामपंचायतीच्या माणसाकडून करून घेतलेलं बरं.

पोराला ओआरएस, एका पुड्याला किती पाणी ते पुड्यावरच बघून, आणि जस्ताच्या गोळ्या १४ दिवस. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायच्या. अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

---

वसतिगृहाची ताई
बुधवार, रात्री ९.३०

खरजेबद्दल कुणीतरी लिहा. मुली सुट्टीला घरी जातात, घरून पुन्हा घेऊन येतात. मलम लावून कंटाळल्यात.

---

अनगोळची सिस्टर
बुधवार, रात्री १०.००

ज्याला खाजतं त्यालाच मलम लावता म्हणून फिरून येते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर न खाजणारं माणूसही दुसऱ्याला देत असतं. एका खोलीतल्या, एका घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, सकाळी धुवायचं. डॉक्टर सांगतील तसं आठवड्याने पुन्हा. त्याच सकाळी कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. जे धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून आठवडाभर ठेवायचं. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर कुठलं औषध ते आधी विचारा. तुम्ही पालकांना सुट्टीआधी पत्र पाठवा, घरच्यांनीही त्याच रात्री लावायला हवं.

---

कंग्राळीकर
गुरुवार, सकाळी ८.१०

डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं की येतात म्हणतात ते?

---

पोरांचा डॉक्टर
गुरुवार, सकाळी ९.४५

बघून येत नाहीत. हाताने येतात. टॉवेल, उशी, काजळाची डबी, डोळ्यात घालायचं औषध एकमेकांचं वापरू नका, हात धूत राहा. २०२३च्या पावसाळ्यात आपल्याकडे घरंच्या घरं अशीच लाल झाली होती. काळा चष्मा लावणाऱ्याला उजेडाचा त्रास कमी होतो, समोरच्याचं रक्षण होत नाही. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका.

---

शहापूरची सून
दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.१५

कळवायचं राहून गेलं होतं. मुलगा शाळेत जातोय. छोटीला परवा फोड आले, मोजके, ताप एकच दिवस. ती दाखवत फिरतेय. आता ती माडीवर आणि तिची आई खाली. जाऊ ठीक आहे. पुतण्याला काहीच नाही, पहिला पेपर देऊन आला. गडहिंग्लजहून भाऊ येणार होता, त्याला फोनवरच थांबवलं, छोटीच्या खपल्या धरल्यावर ये म्हटलं.

अजून एक विचारते. आज शेजारच्या आक्कांना कमरेला नागीण उठलीय. त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे बसायला येतात, आणि त्यांच्या घरात सुनेचं तान्हं बाळ आहे. नागीण लागते काय?

---

अनगोळची सिस्टर
शनिवार, रात्री ९.५०

छोटीचं ऐकून बरं वाटलं. घरातल्या दुसऱ्या पोराला पहिल्यापेक्षा फोड जास्त येतात असा नेहमीचा अनुभव, जवळचा आणि जास्त वेळ संपर्क असतो म्हणून. तिला मोजकेच आले, लसीचा उपयोग झाला.

नागीण म्हणजे तोच विषाणू. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि वयाने किंवा आजाराने शक्ती कमी झाली की एका पट्ट्यात उठतो. कुणाकडून नागीण लागत नाही. पण आक्कांच्या फोडातलं पाणी हाताला लागून ते बाळाला लागलं तर बाळाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड सैल सुती कापडाने झाकून ठेवायचे, हात धुवायचे, आणि खपल्या धरेपर्यंत बाळाला मांडीवर घ्यायचं नाही. तुमच्याकडे येऊन बसल्या तर चालेल, झाकलेलं असलं की पुरे.

आणि आक्कांना उद्याच डॉक्टरकडे पाठवा. नागिणीचं औषध पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत सुरू केलं तर जास्त लागू पडतं, मागून राहणारी ठणक कमी होऊ शकते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातं असं कुणी त्यांना सांगितलं असेल, तर तसं काही नसतं हे त्यांना नक्की सांगा. त्या भीतीने जेवत नसतील.

---

शहापूरची सून
शनिवार, रात्री १०.०५

बरोबर तेच कुणीतरी सांगितलंय त्यांना. आत्ता जाऊन येते, सकाळी दीर स्कूटरवरून नेतील.